टेपचं हेड, काळी पाच

(दृश्य: नाशिक, रविवार कारंजा, सकाळ. रिक्षांचे हॉर्न तसेच राहू द्यावेत. संगीत नको.)

रविवार कारंज्याच्या मागच्या एका बोळात, जिन्याखाली, काकांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल, तापत ठेवलेलं सोल्डरिंग आणि स्पिरिटची बाटली. काका टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात. आजही. कोण आणतं हो अजून, असं विचारलं तर म्हणाले, "घरातलं म्हातारं माणूस गेलं की दोन-चार महिन्यांनी कपाटात कॅसेट सापडते. त्यात त्याचा आवाज असतो. मग माळ्यावरची टेप खाली येते."

मी नेली होती एलपी, म्हणजे गाण्याची मोठी तबकडी. मुंबईत जुन्या मालात मिळालेली. कव्हरवर कीबोर्डला बसलेला एक माणूस, मागे त्याचे चार साथीदार. पुढच्या माणसाच्या चेहऱ्यावर मुखवटा. डोळ्यांच्या जागी बटणं, तोंडाच्या जागी आवाजाचा मीटर. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मुखवट्यावर बोट ठेवलं. "हा आमच्याच धंद्यातला दिसतोय."

त्यांचा अंदाज बरोबर होता. अल्बमचं नाव 'हेड हंटर्स', वादक अमेरिकेतले जॅझ पियानोवाले हर्बी हॅनकॉक, साल 1973. कव्हर केलं व्हिक्टर मॉस्कोसो यांनी. मुखवटा घेतला आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांच्या एका पारंपरिक मुखवट्यावरून, आणि त्याच वेळी टेपचं हेड (ज्याला घासून पट्टी सरकते आणि आवाज उमटतो तो भाग) डीमॅग्नेटाइज करायच्या, म्हणजे त्यातलं चुंबकत्व काढायच्या, अवजारावरूनही.

(दृश्य: काकांचे हात जवळून. अवजाराची बारीक घरघर ऐकू यावी.)

ते अवजार काकांच्या खणात होतं. टेप घासून घासून हेडमध्ये चुंबकत्व साठतं, मग वरचे सूर बोथट होतात आणि मागे सूं सूं वाढते. काका अवजार चालू करतात, हेडच्या अगदी जवळ नेतात, आणि मग हात हळूहळू मागे घेतात. एक वीत, दोन वीत, हातभर. तेव्हा कुठे बटण बंद. "जवळ असताना बंद केलं तर हेड आधीपेक्षा बिघडतं. घाई करणाऱ्याचं हे काम नाही." एवढं सांगून त्यांनी एलपी पुसली आणि सुई टेकवली.

सुरुवातीला नुसता बास, म्हणजे खर्जातली धून. जाड, रबरासारखा, थोडा नाकात बोलणारा. तो बास गिटारवर वाजलेला नाही. 1972 साली बाजारात आलेल्या 'आर्प ओडिसी' नावाच्या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या कीबोर्डवर, हॅनकॉक यांनी तो हाताने वाजवलाय. पहिल्या तुकड्याचं नाव 'कमिलियन', म्हणजे सरडा. लांबी पंधरा मिनिटांच्या वर. एका वेळी फार तर दोन सूर काढणारं, पट्टी हलकी दाबा की जोरात दाबा सारखंच बोलणारं ते यंत्र. त्यातून एवढी लचक काढायची म्हणजे सगळं काम वेळेवर. सूर किती लवकर सोडला आणि पुढचा किती उशिरा धरला, त्यात.

इतक्यात पंचवटीतले सॅक्सोफोनवाले आले. लग्नाच्या बँडमध्ये तीस-एक वर्षं वाजवतात. त्यांच्या ऑक्टोपॅडचा एक पॅड मुका झाला होता, तो काकांकडे टाकला होता. दारातच थांबले. मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "काळी पाच. काफीसारखं आहे, पण मधले काही सूर घसटून जातात."

मी घरी जाऊन पडताळलं. काळी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी, पाश्चात्त्यांचा बी फ्लॅट. या तुकड्याचा मुख्य भाग दोनच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या दोन जुड्यांवर, फिरतो, आणि त्यांचे सूर मांडले तर आपला काफी थाट, म्हणजे काफीच्या सात सुरांचा संच, होतो. बाहेरचे सूर बासच्या चढणीत येतात. संगीताच्या पुस्तकांनी मला जे दोन परिच्छेदांत समजावलं असतं, ते सॅक्सोफोनवाल्यांनी चप्पल काढता काढता सांगितलं.

(दृश्य: जुने फोटो. निवेदन थोडं वेगात.)

हॅनकॉक शिकागोचे, जन्म 1940. अकराव्या वर्षी शिकागो सिंफनीबरोबर मोझार्ट वाजवला. कॉलेजात गेले ते आधी इंजिनिअरिंगला, मग संगीताकडे वळले. 1963 मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या बँडमध्ये. 1968 ची गोष्ट ते स्वतः सांगतात: स्टुडिओत पोचले तर पियानोच नाही. मी काय वाजवू, विचारलं तर माइल्सनी कोपऱ्यातल्या इलेक्ट्रिक पियानोकडे बोट केलं. हे खेळणं? असं मनात आलं. वाजवून बघितलं, आणि आवाज आवडून गेला.

पुढे त्यांनी स्वतःचा बँड काढला, त्यात सिंथेसायझर आणला. संगीत अवघड आणि लांब-लांब, खर्च मोठा, श्रोते मोजके. 1973 मध्ये तो बँड मोडला. नव्या बँडमध्ये जुन्यांपैकी एकच माणूस घेतला, फुंकवाद्यं वाजवणारे बेनी मॉपिन.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती, आणि ती नाशिककराला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 1972 मध्ये हॅनकॉक नामजप करायला लागले. जपानी बौद्ध परंपरेतला जप, 'नम म्योहो रेंगे क्यो'. त्यातलं 'नम' संस्कृतातलं, आणि पुढचे शब्द म्हणजे सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्राच्या चिनी नावाचा जपानी उच्चार. पांडवलेण्यांच्या, म्हणजे नाशिकच्या बौद्ध लेण्यांच्या, पायथ्याशी राहणाऱ्याला हा प्रवास ऐकून मजा वाटते. इथून निघालेला शब्द चीन-जपान करत अमेरिकेतल्या पियानोवाल्याच्या तोंडी गेला. तर जप करताना त्यांच्या डोक्यात स्लाय स्टोन या अमेरिकन गायकाचं फंक, म्हणजे ठोक्यावर नाचवणारं संगीत, घुमायला लागलं. आपण फार उंचावर, विरळ हवेत राहिलो, आता मातीवर यावं, असं त्यांना वाटलं. आधी मनाने कुरकूरही केली, जॅझवाल्याने हे वाजवायचं?

(दृश्य: पुन्हा दुकान. एलपी फिरते आहे.)

'हेड हंटर्स'मध्ये गिटार नाही. गिटारचं काम क्लॅव्हिनेट नावाचा इलेक्ट्रिक कीबोर्ड करतो, तोही हॅनकॉक यांच्याच हाताखाली. ड्रमवर हार्वी मेसन, बासवर पॉल जॅक्सन, तालवाद्यांवर बिल समर्स. ठोके मोजून देणारं यंत्र कुठेच नाही. म्हणून 'कमिलियन' पुढे सरकतो तशी लय कणाकणाने चढत जाते. सॅक्सोफोनवाल्यांनी ते पायाने पकडलं. "वाढवली," म्हणाले, आणि हसले. वाकडी बारवपासून निघालेल्या मिरवणुकीत नाशिक ढोल असाच चढत जातो. ठरवून कोणी चढवत नाही.

मग त्यांचं दुखणं बाहेर आलं. "डीजे गाणं लावतो. आम्ही वाजवतो." मराठीत हा फरक आपण रोज करतो आणि लक्षात घेत नाही. रेडिओ लावतात, टेप लावतात, बाजा वाजवतात. ऑक्टोपॅड म्हणजे यंत्रच. पण टेम्पोवर उभा राहून पोरगा जेव्हा काठ्यांनी तो हाणतो, तेव्हा बँडवाले त्याला वादक म्हणतात. जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक यांचं मिश्रण म्हणून आज जे पुष्कळसं ऐकू येतं, त्यात ठोका आधी लावून दिलेला असतो आणि वर सॅक्सोफोन शिंपडलेला. कोथिंबिरीसारखा. मला त्याचा कंटाळा येतो. या अल्बममध्ये यंत्रही वाजवलंय, म्हणून पन्नासहून जास्त वर्षांनंतरही तो शिळा लागत नाही.

दुसरा तुकडा 'वॉटरमेलन मॅन'. ही हॅनकॉक यांची 1962 ची जुनी रचना. शिकागोच्या गल्लीत कलिंगडवाल्याच्या गाडीची चाकं दगडांवर आपटायची, त्या आवाजावरून सुचलेली. 1973 च्या रूपाची सुरुवात बिअरच्या बाटलीत फुंकून होते. समर्स यांनी मध्य आफ्रिकेतल्या बा-बेंझेले लोकांची पद्धत उचलली: एक सूर नळीत फुंकायचा, पुढचा गळ्यातून काढायचा. ऐकायला विलक्षण. पण ज्यांची ही कला, त्यांचं नाव आणि त्यांचा वाटा कुठे, हा प्रश्न स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकांनी पुढे विचारला. त्याचं समाधानकारक उत्तर मला कुठे दिसलेलं नाही. "बाटली वाजवली त्याचं नाव झालं, बाटली ज्याची तो राहिला," सॅक्सोफोनवाले म्हणाले. बँडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे चटकन कळतं.

अल्बम तुफान खपला. 2007 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तो घेतला.

(दृश्य: काका कॅसेटची गुंडाळी पेन्सिलीने ताणून घेतात.)

सॅक्सोफोनवाल्यांना तो हवा होता. फोनवर पाठवतो म्हटलं तर नको म्हणाले, टेपवर पाहिजे. काकांनी साठ मिनिटांची एक कोरी कॅसेट शोधली, हेड पुसलं, रेकॉर्डिंग लावलं. बाजू उलटून होईपर्यंत आमचे दोन चहा झाले.

पहिली बाजू बावीस मिनिटांत संपते. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे आठ मिनिटं उरली. काकांना जागा वाया गेलेली खपत नाही. त्यांनी माइक जोडला आणि नुसती भुवई उंचावली.

सॅक्सोफोनवाल्यांनी पेटी उघडली. रीड ओठात धरून ओली केली, दोनदा फुंकून बघितली. मग तो बासचा तुकडा शोधायला लागले. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा मधला घसटणारा सूर सापडला. समोरून भंगारवाला ओरडत गेला, तोही टेपवर आलाय. दुरुस्त झालेला ऑक्टोपॅड फळीवर होता. काकांनी सोल्डरिंग बाजूला ठेवलं आणि दोन बोटांनी ठेका धरला.

(दृश्य: टेपचं चाक फिरत राहतं. आवाज तसाच चालू ठेवून चित्र काळं.)