लाडू राहू द्या, खिडकी उघडा

(दृश्य: मार्चमधली सकाळ. राजवाड्याच्या मागची गल्ली, पोह्यांच्या कढईवर वाफ. दुकानांपुढे रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीसाठी, पिचकाऱ्या टांगलेल्या.)

इंदूर. महिन्याची 9 तारीख. 2016 पासून दर महिन्याच्या या तारखेला देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. रांगेत माळवी ऐकू येते, निमाडी ऐकू येते आणि मधूनच मराठी. होळकरांच्या काळापासून इथे रुजलेल्या घरांची ही मराठी. तिच्यात शेजारणींकडून आलेले 'जच्चा' (बाळंतीण) आणि 'जापा' (बाळंतपण) आहेत, आणि डोहाळेही शाबूत आहेत.

डॉक्टरांच्या आधी एक टेबल लागतं. तिथे सिस्टर बसतात.

(दृश्य: टेबल. रक्तदाबाचं यंत्र, मापाची टेप, लाल गोळ्यांची पाकिटं.)

"शेवटची पाळी कधी आली होती, ताई?"

सून विचारात पडते. उत्तर सासूबाई देतात. "गौरी जेवल्या त्याच दिवशी हिला अडचण आली. सगळा स्वयंपाक मी एकटीनं केला, म्हणून लक्षात आहे."

सिस्टर हसत नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळतात. पाळीच्या पहिल्या दिवसात 9 महिने आणि 7 दिवस मिळवायचे. गौरी सप्टेंबरात, म्हणजे बाळंतपण जूनमध्ये. पंचवीस आठवडे झाले, सव्विसावा चालू आहे. ज्या विटाळाचा राग सासूबाईंच्या मनात अजून आहे, त्यानेच आज तारीख पक्की करून दिली.

मग टेप. ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत. चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर. एखाद-दोन इकडेतिकडे चालतात. फार कमी भरलं तर बाळाची वाढ तपासायची, फार जास्त भरलं तर जुळं किंवा पाणी जास्त आहे का ते बघायचं. आज टेप 25 सांगते. सोनोग्राफीच्या जमान्यात टेप कशाला, असं वाटू शकतं. पण सोनोग्राफी दोन-तीनदा होते आणि टेप दर खेपेला लागते.

रक्तदाब ठीक. 140/90 किंवा त्यावर गेला असता, तर सिस्टरनी लगेच पुढचे प्रश्न विचारले असते. डोकं खूप दुखतं का? डोळ्यांपुढे अंधारी येते का? चेहरा सुजतो का? नुसते पाय सुजणं बऱ्याच जणींना होतं. डोकेदुखी आणि अंधारी मात्र "उन्हामुळे असेल" म्हणून घरी काढायची गोष्ट नाही.

(दृश्य: सिस्टर गोळ्यांचं पाकीट हातात धरून.)

हिमोग्लोबिन 9.4. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की ते कमीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायका या रेषेखाली होत्या.

"लाल गोळी घेते?"

"घेते. चहाबरोबर."

अडचण इथेच आहे. चहा लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेतली तर दोघींची ओढाताण. लाल गोळी चहा-दुधापासून लांब, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम जेवणाबरोबर. दोन्हींमध्ये दोन तास तरी हवेत. आणि शौचाला काळी झाली म्हणून घाबरून गोळी बंद करायची नाही. हे आधी सांगितलं नाही, तर बाई तिसऱ्या दिवशी पाकीट फडताळात टाकते आणि पुढच्या खेपेला "घेते" म्हणते. सिस्टर म्हणूनच "घेते का" एवढ्यावर थांबत नाहीत. "किती उरल्या" असं विचारतात.

नंतर सिस्टर नवऱ्याला आत बोलावतात. तो दाराशी मोबाइल बघत उभा होता. त्याला तीनच प्रश्न. रात्री दोन वाजता कळा आल्या तर गाडी कोणाची? 108 ला फोन कोण करणार? रक्त लागलं तर देणार कोण? तिसऱ्या प्रश्नाला तो आईकडे बघतो.

(दृश्य: प्रसूतिगृहाचा लांब बोळ. रात्र.)

2018 ते 2020 या काळात मध्य प्रदेशात दर 1 लाख जिवंत जन्मांमागे 173 माता दगावल्या. सातपुड्यापलीकडे महाराष्ट्रात हाच आकडा 33 होता. भारतात अशा मृत्यूंचं मोठं कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, आणि ज्या बाईचं रक्त आधीच कमी, तिला तो सोसवत नाही. मार्चमधल्या त्या लिंबूपाण्याचा हिशेब इथे लागतो.

जून. बाळ झालं. घरचे वजन विचारताहेत, मुलगी का मुलगा विचारताहेत. सिस्टरचं लक्ष आईच्या पोटावर. मांडीत ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन बाळ झाल्या-झाल्या दिलेलं आहे. वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, सुटून आली. आता बेंबीखाली हात ठेवला की गर्भाशय घट्ट चेंडूसारखं लागायला हवं. वार जिथे चिकटलेली होती तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या या आवळण्यानेच मिटतात. पिठाच्या गोळ्यासारखं मऊ लागलं, तर आतून रक्त जातंय असं समजून चोळायला लागायचं आणि डॉक्टरांना हाक मारायची. पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी हात तिथे जातो. आणि दर वेळी तोच प्रश्न: "लघवी झाली का?"

बाळंतिणीला या प्रश्नाचा वैताग येतो. पण भरलेली लघवीची पिशवी गर्भाशयाला आवळू देत नाही. माझ्या मते परिचर्येच्या अख्ख्या शास्त्रात याहून मोलाचा आणि याहून कमी कौतुकाचा प्रश्न नसेल.

(दृश्य: घर. बंद दार. दाराला कडुलिंबाचा डहाळा. आत पिवळा दिवा, धुराची पुसट रेघ.)

सातवा दिवस. भेटीला आलेल्या सिस्टर खोलीत शिरतात. नव्या परिचारिकेची चूक इथे होते: ती सगळ्यालाच नाही म्हणते, आणि ती गेल्यावर सगळंच होतं. या सिस्टर आधी डबा उघडायला लावतात. डिंकाचे लाडू? राहू द्या. अळिवाची खीर? द्या की, अळिवात लोह आहे. शेक? कंबरेला बरं वाटतं, द्या. पण शेगडी आणि बंद खिडकी एकत्र नको, त्या धुरानं बाळाचा श्वास कोंडतो. बाळंतिणीला पाणी मोजून देता? तिचं दूध त्या पाण्यातूनच बनतं, काकू. पोटभर द्या.

"आणि चीक पाजला ना?"

सासूबाई थोड्या थांबून म्हणतात, "पाजला. आमच्या वेळी पिळून टाकत. पहिल्या तासातच लावा म्हणाले दवाखान्यात." मध चाटवलेला नाही, गुटीही सहा महिने नाही. गुटी नाही म्हणताना त्यांचा आवाज उतरतो. सहाण माहेरून आणलेली होती.

सून मात्र गप्प आहे.

1960 च्या दशकात रीव्हा रुबिन या अमेरिकन परिचारिकेनं बाळंतिणींचं निरीक्षण करून लिहिलं, की पहिले एक-दोन दिवस आई स्वतःतच असते. खाणं, झोप, आणि बाळंतपणाची तीच तीच हकिगत. मग ती बाळाचं सगळं आपल्या हाती घेऊ पाहते, चुकते, पुन्हा करते. आपलं माहेरपण पहिल्या टप्प्यासाठी जणू बेतलेलं आहे. दुसऱ्याला मात्र आपण नकळत आडवे येतो. "तुला नाही जमणार, दे इकडे."

चौथ्या-पाचव्या दिवशी उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि आपसूक ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही ते थांबलं नाही, झोप उडाली, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर तो आजार आहे, आणि त्याला उपचार आहेत. सिस्टर सुनेशी हे एकटीशी बोलतात. त्यासाठी सासूबाईंना चहा करायला पाठवतात. चहाचा असाही उपयोग.

(दृश्य: मोरी. पाटावर पाय पसरून सासूबाई. बाजूला कोमट पाण्याची बादली.)

"नाका-कानात तेल घालायचं नाही हं, काकू. आणि आज अंघोळ ही घालेल. तुम्ही तांब्या धरा."

सासूबाई बसल्या जागी क्षणभर अवघडतात. मग पाटावरून उठतात, पदर खोचतात आणि पाण्यात कोपर घालून बघतात.

"बस. मान धर नीट. ... अगं, एवढी नको घाबरू, ती काही साखरेची नाही."