राखणदाराचा नकार

(मेलबर्नमधील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

कार्यक्रमाच्या आरंभी निवेदकांनी या भूमीचे परंपरागत राखणदार म्हणून वुरुंजेरी लोकांचे स्मरण केले आणि त्यांच्या ज्येष्ठांना वंदन केले. या शहरात शाळेच्या स्नेहसंमेलनापासून कंपनीच्या वार्षिक सभेपर्यंत सर्वत्र हा प्रघात आहे, आणि आपल्या गणेशोत्सवात तर हे वंदन गणेशवंदनेच्या आधी असावे की नंतर, एवढाच वाद आता शिल्लक आहे. हा प्रघात बंद व्हावा असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु ज्यांना आपण वंदन करतो त्यांनी उद्या ‘येथे खणू नका’ असे सांगितले, तर ते ऐकणे कायद्याने कोणावर बंधनकारक आहे का, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे. संयोजकांनी मूलनिवासी आणि त्यांचा सांस्कृतिक वारसा असा ऐसपैस विषय दिल्यामुळे तो तुमच्यापुढे ठेवण्याची संधी मी सोडणार नाही. ज्याला नकार देता येत नाही त्याला राखणदार म्हणणे हा केवळ शिष्टाचार आहे, असे माझे मत आहे. तीन प्रदेशांतील कायद्यांची तुलना करून मी ते सिद्ध करीन असे निमंत्रणपत्रिकेत छापले आहे. ती तुलना येईलच. पण तिच्याआधी एका तळ्याची हकीकत सांगणे मला आवश्यक वाटते.

या सभागृहातील बहुतेकांनी ग्रेट ओशन रोडने जाऊन समुद्रातले ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’, म्हणजे बारा प्रेषित, नावाचे सुळके पाहिले असतील. ते प्रत्यक्षात कधीच बारा नव्हते, तरीही प्रत्येक पाहुण्याला आपण तिकडे नेतो, छायाचित्रे काढतो आणि तिथूनच गाडी मागे वळवतो. तसे न करता वॉर्नंबूल आणि पोर्ट फेअरी ओलांडून आणखी पश्चिमेकडे गेले, तर गुंडिचमारा लोकांचा प्रदेश लागतो. तेथे बज बिम नावाचा निद्रिस्त ज्वालामुखी आहे. सुमारे ३७ हजार वर्षांपूर्वी झालेल्या त्याच्या उद्रेकातला लाव्हा समुद्राच्या दिशेने वाहत गेला, त्याने जुन्या ओढ्यांच्या वाटा अडवल्या आणि त्यामुळे तळी व पाणथळ जागा तयार झाल्या. सह्याद्रीच्या काळ्या दगडावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा दगड परका वाटू नये, कारण तोही बेसाल्टच आहे. गुंडिचमारांनी या दगडातून चर काढले, दगडांचे बांध रचले, पाणी हवे तेव्हा वळवता येईल अशी योजना केली आणि कूयांग, म्हणजे तेथील वाम मासा, पकडण्याची, साठवण्याची आणि जिवंत ठेवण्याची एक विस्तीर्ण व्यवस्था उभी केली. बांधात ठेवलेल्या फटींमध्ये विणलेल्या लांबट टोपल्या बसवलेल्या असत. मोठा मासा टोपलीत सापडे आणि लहान मासा पुढे निसटून जाई. या चरांपैकी काहींचे वय किमान ६ हजार ६०० वर्षे असल्याचे पुरातत्त्वज्ञांनी दाखवून दिले आहे.

हा मासा जातो कोठे, हेही सांगतो, कारण त्यावाचून या योजनेतले शहाणपण ध्यानात येत नाही. त्याचे सारे आयुष्य गोड्या पाण्यात जाते आणि अखेरीस तो समुद्रात उतरून दूर उत्तरेकडे, प्रवाळ समुद्राकडे, अंडी घालण्यासाठी निघून जातो. तो परत येत नाही. त्याची पिल्ले सागरप्रवाहांबरोबर दक्षिणेकडे येतात आणि नद्यांमध्ये शिरतात. म्हणजे चर बांधणाऱ्यांना पावसाचे, पुराचे आणि या माशाच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक अचूक ठाऊक असावे लागे, आणि ते पुढच्या पिढीला शिकवावेही लागे. दगडी पायांच्या गोलाकार घरांचे अवशेष जवळच सापडतात. मूलनिवासी म्हणजे केवळ भटके शिकारी, या समजुतीला या घरांनी कधीच उत्तर दिले होते. ते वाचायला आपल्याला उशीर लागला.

१८४० च्या दशकात मेंढपाळ वसाहतवाले आले आणि युमेरेला युद्ध या नावाने ओळखला जाणारा दीर्घ संघर्ष झाला. घोड्यांना चालता येत नाही अशा या खडकाळ प्रदेशाने गुंडिचमारांना बराच काळ आश्रय दिला. पुढे १८६७ मध्ये लेक कोंडा येथे मिशन स्थापन झाले, १९१९ च्या सुमारास ते बंद झाले, आणि कुरणांसाठी जमीन मिळावी म्हणून तळ्याचे पाणी काढून टाकण्यात आले. याच समाजातील लव्हेट घराण्याचे पाच भाऊ पहिल्या महायुद्धात लढले, त्यांपैकी चौघे दुसऱ्या महायुद्धातही भरती झाले, आणि परतल्यावर त्यांच्यापैकी हर्बर्ट लव्हेट यांनी सैनिकांच्या पुनर्वसन योजनेतून जमीन मागितली तेव्हा ती नाकारण्यात आली. मिशनची जमीन त्याच योजनेतून इतर सैनिकांना मिळाली. १९५७ मध्ये मिशनचे दगडी चर्च सुरुंग लावून पाडले गेले. सुरुंग हा या व्याख्यानात पुन्हा येणार आहे, म्हणून हे वर्ष सांगून ठेवले.

आता ज्या खटल्यासाठी मी तुम्हाला येथवर आणले, त्याकडे वळतो. १९८० च्या सुमारास अल्कोआ या कंपनीने पोर्टलंडजवळ अॅल्युमिनियमचा मोठा कारखाना उभारण्याचे ठरवले. त्या जागेवर गुंडिचमारांच्या पूर्वजांच्या वस्तीच्या खुणा होत्या. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात १९७२ चा एक कायदा होता, आणि पुरातन अवशेषांची नासधूस करणे त्या कायद्याने गुन्हा होते. सँड्रा ओनस आणि ख्रिस्टिना फ्रँकलँड या दोन गुंडिचमारा स्त्रिया न्यायालयात गेल्या आणि म्हणाल्या की कायदा आहे, तर तो पाळला जावा. राज्याच्या न्यायालयाने अवशेष आहेत की नाहीत या प्रश्नाच्या आधीच त्यांना थांबवले. त्यांना दावा लावण्याचा अधिकारच नाही असे ठरले, कारण कायदा सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी आहे आणि या दोघींचे इतर कोणत्याही नागरिकापेक्षा वेगळे असे हित त्यात गुंतलेले नाही.

मित्रहो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. कायदा त्यांच्या आज्यापणज्यांनी मागे ठेवलेल्या दगडांचे रक्षण करत होता, पण ते दगड ज्यांचे, त्यांना न्यायालय विचारत होते की बाई, तुमचा येथे संबंध काय? परंपरेने त्या राखणदार होत्या. कायद्याच्या दृष्टीने त्या रस्त्याने जाणाऱ्या कोणाही माणसासारख्या होत्या. गावकीच्या जमिनीसाठी तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या आपल्यापैकी काहींना हा प्रश्न ओळखीचा असेल. तेथेही गावाची माहिती गावकऱ्यांकडून लिहून घेतात आणि मग त्याच गावकऱ्यांना विचारतात की आपण कोण. या विषयावर माझा आवाज चढतो असे घरचे सांगतात, म्हणून आवरतो.

दोघी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अडचण अशी होती की आदल्याच वर्षी, १९८० मध्ये, त्याच न्यायालयाने पर्यावरणवाद्यांच्या एका दाव्यात असे ठरवले होते की एखाद्या गोष्टीविषयी केवळ बौद्धिक किंवा भावनिक कळकळ असणे दाव्यासाठी पुरेसे नाही. म्हणजे या दोघींना त्याच न्यायालयापुढे हे पटवायचे होते की आमची ही नुसती कळकळ नव्हे. सप्टेंबर १९८१ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले: समाजाच्या चालीरीतींनुसार या स्त्रिया त्या अवशेषांच्या राखणदार आहेत, त्या अवशेषांचे त्यांच्या संस्कृतीत स्थान आहे आणि म्हणून त्यांचे हित इतर जनतेपेक्षा वेगळे व विशेष आहे. मूलनिवासींचा जमिनीवरील परंपरागत हक्क प्रथम मान्य करणारा ‘मॅबो’ निकाल १९९२ चा, त्याच्या अकरा वर्षे आधीचा हा निकाल आहे, आणि तरीही ‘मॅबो’चे नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांपैकी दहांत एकालाही ‘ओनस विरुद्ध अल्कोआ’ ठाऊक नसते. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनाही तो दावा लावण्याच्या अधिकाराचे एक उदाहरण म्हणून शिकवतात. वारशाच्या इतिहासात त्याची जागा कोणती, ते कोणी सांगत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे.

कारखाना झालाच. ते लपवण्यात अर्थ नाही. परंतु दावा उभा राहिल्यामुळे वाटाघाटी कराव्या लागल्या, आणि त्यांतून लेक कोंडा मिशनची जमीन परत करण्याचे ठरले. राज्यात त्याचे विधेयक अडले, तेव्हा केंद्रीय संसदेने १९८७ मध्ये स्वतंत्र कायदा करून ती जमीन परत दिली. २००७ मध्ये या प्रदेशावरील गुंडिचमारांचा परंपरागत हक्क केंद्रीय न्यायालयाने मान्य केला, आणि २०१० मध्ये नवा बंधारा बांधून तळ्यात पुन्हा पाणी साठवण्यात आले. जमीन हाती आल्यावर त्यांनी कुंपण घालून फलक लावला नाही. आधी पाणी आणले. पाणी आले तेव्हा जुने चर पुन्हा वाहू लागले आणि ते कसे काम करत होते हे पुस्तकांबाहेरही दिसू लागले. जुलै २०१९ मध्ये बज बिम जागतिक वारसा यादीत गेले, आणि निव्वळ मूलनिवासींच्या सांस्कृतिक मूल्यांसाठी त्या यादीत गेलेले ते ऑस्ट्रेलियातील पहिले स्थळ ठरले. त्यानंतरच्या उन्हाळ्यातल्या वणव्यात गवत जळाले, तेव्हा तोवर नोंद न झालेले आणखी चर उघडे पडले.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे म्हणतात, आणि त्यातही पहिली दोन ही चिठ्ठी वाचण्यात गेली. तेव्हा तीन कायद्यांची तुलना घाईने उरकतो.

पहिला, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा १९७२ चा कायदा. त्याच्या १८ व्या कलमाखाली जमीनधारक मंत्र्यांकडे वारसास्थळ नष्ट करण्याची परवानगी मागू शकत असे. परवानगी नाकारली गेली तर कंपनीला दाद मागता येई; दिली गेली तर मूलनिवासींना दाद मागता येत नसे. पिल्बारातील जुकान खोऱ्यातील गुहांसाठी अशी परवानगी २०१३ मध्ये मिळाली. पुढच्या वर्षीच्या उत्खननात तेथे ४६ हजार वर्षांच्या मानवी वावराचा पुरावा आणि मानवी केसांचा, सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीचा वेणीसारखा गुंफलेला पट्टा सापडला, आणि त्या केसांचे जनुकीय नाते आजच्या पुटू कुंटी कुरामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळले. नवा पुरावा आला म्हणून परवानगी पुन्हा तपासावी, अशी सोय कायद्यात नव्हती. २४ मे २०२० रोजी रिओ टिंटो या खाण कंपनीने सुरुंग उडवले. खाण विस्ताराचे चार पर्याय कंपनीपुढे होते, त्यांपैकी तीन गुहांना धक्का न लावणारे होते, आणि मूलनिवासींना ते तीन दाखवण्यातच आले नव्हते, हे नंतर संसदीय चौकशीत उघड झाले. कंपनीच्या प्रमुखासह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. राज्याने नवा कायदा केला, तो १ जुलै २०२३ रोजी लागू झाला, आणि शेतकरी व जमीनमालकांच्या विरोधामुळे तो मागे घेण्याची घोषणा ८ ऑगस्टला झाली. जुना कायदा काही दुरुस्त्यांसह परत आला. आता मूलनिवासींनाही दाद मागता येते आणि नवी माहिती मंत्र्यांना कळवावी लागते, पण परवानगीचे कलम जागेवरच आहे.

दुसरा, आपल्या व्हिक्टोरियाचा २००६ चा कायदा. यात त्या त्या प्रदेशातील मूलनिवासींची संस्था नोंदणीकृत असते आणि मोठ्या बांधकामाआधी वारसा व्यवस्थापनाचा आराखडा तिच्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे विचारणा नव्हे, मंजुरी. हा फरक मोठा आहे. तथापि नकार मिळाल्यास अर्जदाराला न्यायाधिकरणाकडे जाता येते, त्यामुळे अखेरचा शब्द संस्थेचा राहतोच असे नाही.

तिसरा, नॉर्दर्न टेरिटरीला लागू असलेला १९७६ चा केंद्रीय जमीनहक्क कायदा. तो वारशाचा कायदा नाही, आणि माझ्या मते म्हणूनच तो वारसा सर्वांत चांगला राखतो. परंपरागत मालक आपल्या भूमी परिषदेमार्फत खनिजशोधाला सरळ नकार देऊ शकतात. राष्ट्रहिताच्या नावाखाली तो डावलण्याची तरतूद आहे, आणि साधारण पाच वर्षांनी कंपनीला पुन्हा विचारता येते, पण नकार हा नकार असतो. काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात कूंगारा नावाचा भाग युरेनियमच्या साठ्यामुळे उद्यानाबाहेर ठेवला गेला होता. तेथील जोक कुळाचे ज्येष्ठ मालक जेफ्री ली यांनी फ्रेंच कंपनी अरेवाला खाण काढू दिली असती, तर ते देशातील अतिश्रीमंतांपैकी एक झाले असते. त्यांनी नकार दिला, आणि तो दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागू नये म्हणून ती जमीनच उद्यानात घ्यावी अशी मागणी केली. २०११ मध्ये कूंगारा जागतिक वारशात आणि २०१३ मध्ये कायद्याने उद्यानात समाविष्ट झाले.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील मुरुजुगाची लाखो खोदचित्रे आणि त्यांच्या शेजारचे वायूप्रकल्प हा विषय मी आणला होता, आणि त्यावरून बारसूच्या सड्यावरील कातळशिल्पे व तेथील प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्प यांकडे जाणार होतो. अध्यक्ष उभे राहिले आहेत. तो भाग कोणाला हवा असेल त्यांनी प्रश्नोत्तरांत काढावा.