आखाजीची गाणी ‘सी’ ड्राइव्हला होती

(शिरपूरच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. दिवस मावळला तरी बाहेर झळा आहेत, आणि तरीही इतकी माणसं आलात. काही जण लॅपटॉपच्या पिशव्याही घेऊन आलात, ते बघून बरं वाटलं. त्यांचं काम शेवटी आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. कॉम्प्युटर हा माझा विषय नव्हे. तो मला शिकावा लागला, आणि त्याला कारण झाली २०१४ सालची आखाजी, म्हणजे आपली अक्षय तृतीया.

नोकरीत असताना मला एक छंद लागला होता. शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर या तालुक्यांतल्या गावांत जायचं, म्हाताऱ्या बायांजवळ बसायचं आणि आखाजीची गाणी टेप करायची. झोक्याची, गौराईची, माहेरची, सासरच्या जाचाची. एकेक बाई दोन-दोन तास गायची. कॅसेट महाग पडायच्या, म्हणून घरी येऊन गाणं उतरवून घेतलं की तीच कॅसेट पुढच्या गावाला वापरायचो. पुढे घरी कॉम्प्युटर आला, तेव्हा सगळी गाणी श्रीलिपी या मराठी फॉन्टात टाइप करायला घेतली. पाच वर्षांत चारशे बारा गाणी झाली. एका आजीने मला विचारलं होतं, “तुना डबामा मना गाना ऱ्हातीन ना रे भाऊ?” मी म्हणालो, ऱ्हातीन माय.

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचं काम थांबवलं. त्यानंतर त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नव्हत्या. तेवढ्यात माझा कॉम्प्युटरही रखडायला लागला. मी तो एका दुकानात नेला. नाव घेणार नाही, घेण्याची गरजही नाही, कारण पुढे जे झालं ते कुठल्याही दुकानात होऊ शकतं. मुलगा चांगला होता, आदबीने बोलत होता. त्याने विचारलं, “सर, डी ड्राइव्हला काही आहे का?” डिस्कचे सी, डी असे कप्पे पाडलेले असतात, त्यांना ड्राइव्ह म्हणतात. मी खरं तेच सांगितलं, “डी ला काही नाही.” तो म्हणाला, “मग क्लीन करून नवीन विंडोज टाकतो.” मला वाटलं, क्लीन म्हणजे धूळ झाडणार, व्हायरस काढणार. पाचशे रुपये ठरले. संध्याकाळी मशीन घरी आलं, सुरू केल्यावर पळायला लागलं. डेस्कटॉपवर एक कचऱ्याची टोपली होती, बाकी काहीच नव्हतं.

माझं ‘आखाजी’ नावाचं फोल्डर डेस्कटॉपवर होतं. त्या मुलाचं क्लीन म्हणजे सी ड्राइव्ह अख्खा पुसणं, ज्याला ते फॉरमॅट म्हणतात. आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो, हे मला माहीत नव्हतं.

इथे जरा थांबतो, कारण आजही दहातल्या आठ जणांना मी हे सांगितलं की ते चमकतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही, कोणी मुद्दाम हलवले नसतील तर, विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तिथेच असतात. म्हणजे सी ला. टॅली प्राइम हा हिशेबाचा प्रोग्राम वापरणाऱ्या दुकानदार भावांनी तर घरी गेल्यावर आधी आपला डेटा कुठे साठतो ती जागा बघावी. ती मुळात सी मध्येच असते, ‘युजर्स’, मग ‘पब्लिक’ अशा फोल्डरांच्या आत. दुकानातला माणूस “तुमच्या डी ला हात लावणार नाही” म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तुमच्या हिशेबाच्या वह्या मात्र त्याच्या हाताखालीच पडलेल्या असतात.

आता त्याहून वाईट गोष्ट सांगतो. गाणी गेली हे कळल्यावर मी महिनाभर तोच कॉम्प्युटर वापरत राहिलो. रोज वाटायचं, कुठेतरी असतील. जुन्या फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट मारलं, तर फायली लगेच नष्ट होत नाहीत. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसं होतं, पानं जागेवर असतात. त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं, की मगच ती जातात. नवीन विंडोजने काही पानं खाल्ली असणारच, पण उरलेली मी माझ्या हाताने खाल्ली. त्याच दिवशी प्लग काढून ठेवला असता तर फोटोरेक नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने बरंच परत आलं असतं. हे कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. आताच्या एसएसडीत, म्हणजे फिरती चकती नसलेल्या नव्या डिस्कमध्ये, तर ही सवडही फारशी नाही. तिथे पुसलेली जागा डिस्क स्वतःच मोकळी करून टाकते, आणि मग कोणाच्या हाती काही लागत नाही.

थोडी गाणी वाचली, ती एका जुन्या पेन ड्राइव्हमुळे. पण तीही जायच्या बेतात होती. पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं यांची खिचडी. दुसऱ्या एका दुकानात दाखवलं. तिथल्या माणसाने बघितलं आणि म्हणाला, “फाइल करप्ट आहे, डिलीट करून टाका.” त्याबद्दल शंभर रुपये घेतले. फाइलला काहीही झालेलं नव्हतं. श्रीलिपी, कृतीदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत अक्षर मराठी दिसतं, पण आत साठवलेला असतो इंग्रजी अक्षरांचा संकेत. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नव्हता, म्हणून आतलं उघडं पडलं, इतकंच. धुळ्याला एका डीटीपीवाल्या ताईंनी फॉन्ट टाकून दिला आणि सत्तावन्न गाणी माझ्यासमोर उभी राहिली. त्या ताईंनी पैसे घेतले नाहीत. तुमच्याकडे संस्थेची जुनी इतिवृत्तं, वंशावळी, कवितांच्या वह्या अशा फॉन्टांत असतील, तर कोणी ‘करप्ट’ म्हटलं म्हणून पुसू नका. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही नव्या कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा संकेतात, फिरवून घ्या.

तुम्ही म्हणाल, दुकानदार वाईट असतात असं हा सांगतोय. नाही. पत्र्याच्या गाळ्यात, मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीला गरम सोल्डर धरून बसणारी ही पोरं आहेत. त्यांच्या हाताला मी मान देतो. पण त्यांच्या धंद्याचं गणित समजून घ्या. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला अर्धा दिवस जातो, आणि शोधण्याचे पैसे आपल्याकडे कोणी देत नाही. “नुसतं बघितलं तर दोनशे कशाचे?” हे आपणच म्हणतो. फॉरमॅट मारून विंडोज टाकायला तासभर लागतो, त्याचे पाचशे आपण मुकाट्याने देतो. मग तो काय करेल? प्रत्येक दुखण्यावर फॉरमॅट. आपण पैसे देतो ते मशीन चालू करण्याचे. आतली माहिती सांभाळण्याचे पैसे आपण कधी दिलेले नसतात, आणि ते काम त्याने अंगावर घेतलेलंही नसतं.

एक उदाहरण जवळून बघा. आमच्या शेजारच्या गावात दाखले काढून देणाऱ्या एका सेवा केंद्रावर नेट चालेना. फोनवर चालायचं, कॉम्प्युटरवर नाही. बँकेची, सरकारची कुठलीही साइट उघडली की ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा. दुकानात फॉरमॅट झालं, चारेक दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. पुन्हा फॉरमॅट. तिसऱ्या वेळी मदरबोर्ड बदला म्हणाले. मी गेलो आणि उजव्या कोपऱ्यातली तारीख बघितली. २०१२ साल होतं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर २०३२. वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती संपत आली की मेन स्विच बंद असताना कधीतरी तारीख मागे जाते. सुरक्षित साइटला ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र असतं, आणि २०१२ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला आजचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. दुकानातला माणूस विंडोज टाकताना तारीख नीट लावायचा, म्हणून चार दिवस बरे जायचे. तीस रुपयांची बॅटरी आणली, नखाने जुनी काढली, नवी बसवली, तारीख लावली. संपलं. त्या दोन फॉरमॅटांत लोकांचे स्कॅन केलेले किती दाखले गेले, ते त्या केंद्रवाल्या दादालाच माहीत.

अशाच दोन गोष्टी झटपट सांगतो. टेबलावरचा कॉम्प्युटर सुरू होत नाही आणि नुसता बीप-बीप वाजतो, तेव्हा बऱ्याचदा रॅम, म्हणजे आतली मेमरीची पट्टी, जागची हललेली असते. प्लग काढून ती उपसायची, सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसायची, परत दाबून बसवायची. लॅपटॉप उन्हाळ्यात तापून आपोआप बंद पडतो, तेव्हा बहुतेक वेळा पंख्याच्या जाळीत आपल्या खान्देशची धूळ असते. तिथे पैसे साफसफाईचे द्यावेत. बोर्ड बदलायला लगेच होकार देऊ नये.

आता माहिती जाण्यापेक्षा वेगळी धास्ती. माहिती दुसऱ्याच्या हाती जाणं. २००८ साली हाँगकाँगमध्ये एका नामांकित नटाचे खासगी फोटो जगभर पसरले. त्याने लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता आणि तिथल्या तंत्रज्ञाने फोटो उतरवून घेतले होते. पुढे त्या तंत्रज्ञाला शिक्षा झाली. पण ज्या बायकांचे ते फोटो होते, त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी तर रीतसर तपासलं. लॅपटॉपमध्ये आवाजाचा किरकोळ बिघाड मुद्दाम केला, प्रत्येक हालचालीची नोंद होईल अशी सोय आत ठेवली आणि सोळा ठिकाणी दुरुस्तीला दिले. सहा ठिकाणी खासगी फायली उघडून बघितल्या गेल्या, दोन ठिकाणी त्या चक्क उतरवून घेतल्या. हे २०२२ चं काम आहे. तिथे हे होतं, तर आपल्याकडे होत नसेल असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मुलींनो, तुम्हाला हे विशेष सांगतो. बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन, चार्जिंगची पिन बदलायला पासवर्ड लागत नाही. “टेस्ट करायला हवा” म्हणाले तर “समोर बसते, मी टाकते” म्हणा. दुकानात बसून काम करून घेण्यात संकोच नको. शिंप्याकडे आपण उभं राहून माप देतोच की. आणि कोणी काही उतरवून घेतलंच, तर लाजून घरात बसू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याची माहिती उतरवून घेणं त्याच्या ४३ व्या कलमात बसतं, आणि ते लबाडीने केलेलं असलं तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सायबर गुन्ह्यासाठी १९३० हा नंबर आहे, तो घरात लिहून ठेवा.

हल्ली आणखी एक प्रकार बघतो, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. नवीन लॅपटॉप घेतला की दुकानदार तिथेच चालू करून देतो. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, गिऱ्हाइकाला ते जमत नाही, गर्दी असते, म्हणून तो स्वतःच्याच ई-मेलने खातं लावून देतो. मदत म्हणूनच करतो. पण विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतली डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि त्या कुलपाची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला की पडद्यावर निळा फलक येतो, किल्ली टाका. किल्ली कोणाच्या खात्यात? दुकानदाराच्या. तोवर त्याने दुकान बंद केलं असेल, तो ई-मेल विसरला असेल. तुमची डिस्क धडधाकट, पण तुम्हालाच बंद. खातं स्वतःच्या ई-मेलने, स्वतःच्या हाताने लावा. किल्ली कागदावर उतरवून रेशन कार्डाजवळ ठेवा.

आणि पडद्यावर भोंगा वाजून ‘या नंबरवर फोन करा’ असं आलं तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. समोरचा माणूस एनीडेस्क, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्राम, टाकायला सांगेल आणि तुमचा माउस त्याच्या हातात जाईल. नेटवर शोधलेल्या प्रिंटरच्या ‘हेल्पलाइन’चंही तेच.

हे सगळं आजच का सांगतोय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं तेच झालं जे २०१४ ला एक्सपीचं झालं होतं. म्हणजे दुकानांत पुन्हा रांगा, पुन्हा घाई, पुन्हा “डी ला काही आहे का?” हा प्रश्न. वर फुकटचं विंडोज टाकताना ते चालू करायला चोरीचा प्रोग्राम वापरतात आणि त्यासाठी अँटिव्हायरस बंद ठेवतात. पुष्कळदा अपडेटही बंद असतं. मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस आला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, आलेली होती. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं, त्यांच्या फायलींना कुलपं लागली.

मी आता मशीन दुकानात देताना एक चिठ्ठी देतो आणि तिच्यावर दुकानदाराची सही घेतो. त्यात मशीनचा नंबर, रॅम किती, डिस्क केवढी, आणि खाली एक ओळ: ‘फोनवर विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. जुना सुटा भाग परत द्यावा.’ सुरुवातीला लोक नाराज होतील असं वाटायचं. कोणी झालं नाही. उलट एक जण म्हणाला, “सर, सगळ्यांनी असं लिहून दिलं तर आमच्याही डोक्याचा ताप जाईल.” बिघाड शोधण्याचे वेगळे पैसेही मी आधीच देतो, काम होवो न होवो.

गाण्यांचं काम मी पुन्हा सुरू केलं आहे. आता फोनवर रेकॉर्ड करतो. एक प्रत घरी, एक नाशिकला मुलीकडे, एक या वाचनालयाच्या कपाटात. त्या आजी मात्र २०१६ ला गेल्या. त्यांची तेवीस गाणी माझ्याकडे होती. पेन ड्राइव्हवरच्या सत्तावन्नात त्यांची दोन निघाली.

चिठ्ठीचे कोरे नमुने दाराजवळच्या टेबलावर आहेत, हवे तेवढे न्या. शेजारी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क लावून ठेवल्या आहेत. ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत, त्यांनी थांबा. रिकामे पेन ड्राइव्हही ठेवले आहेत. डेस्कटॉपपासून सुरुवात करू.