घळीतला एप्रिल

(दृश्य: एप्रिलची दुपार. माळावरून कॅमेरा हळूहळू घळीच्या कडेशी येतो.)

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातलं सौताडा. वर मुरमाड माळ, गुडघ्याएवढं वाळलेलं कुसळी गवत. चालता चालता पायाखालची जमीनच संपते. खाली विंचरणेची घळ, तळाशी रामेश्वराचं देऊळ आणि त्याच्याभोवती गच्च झाडी. धबधबा बघायला लोक पावसाळ्यात येतात. झाडं बघायची असतील तर एप्रिलात यावं. जुलैत सगळंच हिरवं असतं, त्यामुळे कुठलं झाड कशाच्या जोरावर तगलंय ते कळत नाही.

बालाघाटाच्या या डोंगररांगेवर वर्षाला साधारण ६०० ते ८०० मिलिमीटर पाऊस. तो माळावर पडतो तसाच घळीतही पडतो. फरक पडतो तो पाऊस गेल्यावर. ऊन किती तास लागतं, वारं कितपत फिरतं आणि पाणी कुठून झिरपतं, या तीन गोष्टींवर पुढचे सात-आठ महिने कोण जगणार ते ठरतं.

(दृश्य: पूर्व-पश्चिम वाहणारी घळ. एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत.)

आधी उन्हाचा हिशेब. आपल्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, तोही दक्षिणेकडे. घळीच्या दक्षिण बाजूचा कडा ३० मीटर उंच असेल तर त्याची सावली दुपारी बारालाही २७ मीटर लांब पडते. म्हणजे अरुंद घळीचा तळ आणि उत्तरेकडे तोंड असलेला उतार हिवाळाभर सावलीत राहतो. समोरचा दक्षिणमुखी उतार मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाजतो. पावसाळ्यात जमिनीत मुरलेली ओल तिथे डिसेंबर-जानेवारीतच सरते, समोर ती मार्चपर्यंत पुरते.

मेच्या मध्यानंतर सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो आणि जुलैअखेरपर्यंत तिकडेच राहतो. तेव्हा दोन्ही उतारांना ऊन लागतं. पण तोवर निकाल लागलेला असतो.

पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या उतारांना उन्हाचे तास सारखेच मिळतात, तरी मावळतीचा उतार जास्त करपतो. सकाळचं ऊन गार हवेत पडतं, दुपारनंतरचं तापलेल्या हवेत. हवा ४० अंश तापलेली आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ती पानातून ओल ओढते ती ३२ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेपेक्षा अडीचपटीहून जास्त.

(दृश्य: कांडोळाचं पांढरं खोड. नखाने साल किंचित खरवडली जाते, खाली हिरवा रंग.)

उन्हाच्या उतारावरचा हा कांडोळ. पानं केव्हाच गळून गेली. खोड पांढरं, गुळगुळीत, त्यामुळे बरंचसं ऊन परतवून लावतं. कागदासारख्या पातळ सालीखाली मात्र हिरवा थर आहे. पानं नसताना झाडाचं थोडंफार अन्न इथेच तयार होतं. शेजारची सालईही तशीच: साल पापुद्र्यांनी सुटते, अंगात डिंक, आणि फुलोरा येतो तो निष्पर्ण फांद्यांवर. जिथे वीतभर माती नाही तिथे ही दोन झाडं हमखास सापडतात. ती त्यांची आवडती जागा आहे असं कुणी समजू नये. चांगल्या मातीत इतर झाडं त्यांना वर येऊ देत नाहीत, एवढंच.

फड्या निवडुंग तर दिवसा तोंडच उघडत नाही. त्याची रंध्रं रात्री उघडतात, तेव्हा आत घेतलेला कर्बवायू ते आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा रंध्रं मिटून वापरतं. हे झाड मूळचं अमेरिकेतलं, पण माळावर असं बसलंय की जणू इथलंच.

(दृश्य: कातळावरच्या भेगेत वाळून कोळ झालेलं बोटभर नेचं. बाटलीतून पाणी ओतलं जातं.)

ही मयूरशिखा. पंख्यासारखी पानं मिटून काड्या झाल्यात, हाताला कुरकुरीत लागतात. मेलेली वाटते, पण ती जिवंत आहे. मुळाशी पाणी मिळालं की ही पानं पुन्हा उलगडतात. नवी फुटत नाहीत, तीच जुनी हिरवी होतात. ओरोपेटियम हे जेमतेम बोटाएवढं गवतही कातळावरच्या चिमूटभर मातीत हाच खेळ करतं. २०१५ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तो गवतांमधल्या सर्वांत लहान संचांपैकी एक निघाला.

(दृश्य: कड्याच्या मध्यावर आडवी हिरवी रेघ.)

आता पाण्याचा हिशेब, आणि खरी गंमत इथे आहे. दख्खनचा कातळ म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या, भाजल्यासारख्या मातीचा पट्टा असतो. वरच्या थराच्या भेगांतून उतरलेलं पाणी या चिकण पट्ट्यावर अडतं आणि आडवं होऊन कड्यातून बाहेर पडतं. म्हणून पाझर उभ्या रेषेत नसतात, आडव्या रेषेत असतात. एका उंचीवर एक सापडला की त्याच उंचीवर पुढे शोधावं.

या रेषेवर हंसराज नावाचं नेचं दिसतं. नेच्याच्या बीजाणूपासून नवं रोप व्हायचं तर फलनाच्या वेळी पाण्याचा पातळ थर लागतोच, नर पेशी त्यातून पोहत जाते. पावसाळ्यात हंसराज कुठेही उगवतो आणि बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात वाळून जातो. एप्रिलात हिरवा दिसला तर तो पाझर बारमाही. नुसताच पांढरट चुनखडीचा थर दिसला, हंसराज नाही, तर तिथलं पाणी बहुधा उन्हाळ्याआधी तुटतं.

तळाशी उंबर, करंज, जांभूळ. जांभळाच्या शेंड्याचं पान आणि खालच्या सावलीतलं पान शेजारी ठेवून बघा. वरचं लहान, जाड. खालचं मोठं, पातळ. एकाच झाडावर दोन हवामानं.

तळाची हवा मोजायची असेल तर दोन कमाल-किमान तापमापक पुरतात. एक माळावर, एक तळाशी. जमिनीपासून सव्वा मीटरवर, वर पांढरी पत्र्याची टोपी, चारी बाजूंनी हवा खेळती. कातळाला टेकवून टांगला तर हवेऐवजी दगडाचं तापमान कळतं, आणि ही चूक सर्रास होते. पंधरा दिवस रोज एकाच वेळी नोंद घ्यावी. दुपारचा आकडा तळाशी कमी येईल हे कुणीही सांगेल. पण जानेवारीतल्या निरभ्र रात्रीनंतर पहाटेचा आकडाही तळाशीच कमी येतो, कारण गार हवा जड असते, ती उतारावरून ओघळून खाली साचते.

(दृश्य: उतारावर ओळीने खड्डे, वाळलेली रोपं.)

हे न बघता झाडं लावली की काय होतं ते इथे दिसतं. सगळ्या उतारावर ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल असे एकसारखे खड्डे, एकाच जातीची रोपं. दक्षिणमुखी बाजूची बहुतेक मेली आहेत. त्या बाजूला करंज-जांभूळ लावण्यात अर्थच नाही. तिथे खैर, बोर, आणि सालईच्या फांद्या: मनगटाएवढ्या जाड, सव्वा-दीड मीटर लांब, पहिल्या पावसाआधी रोवलेल्या. धावडा उत्तरमुखी उतारावर चांगला, पण त्याचं बी बहुतांश पोकळ निघतं, म्हणून भरपूर पेरावं लागतं. रोपाच्या नैऋत्येला वीत-दीड वीत उंच दगड रचले तर दुपारनंतरची सावली फुकटात मिळते.

आणि जागा एप्रिलातच हेराव्यात. जिथे पान हिरवं दिसेल तिथे दगडावर चुन्याची ठळक खूण करायची. जुलैत खड्डे भरायला माणसं येतात, तेव्हा सगळा डोंगर सारखाच दिसतो.

(दृश्य: ओतलेल्या पाण्याला काही तास झालेत. मयूरशिखेचा एक पंखा अर्धा उघडलेला.)