मशीन घेण्याआधी टेबलावरचे कागद बघा

(छोट्या ऑफिसांच्या चालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर वकील आहेत, कर सल्लागार आहेत, पतसंस्थांचे सचिव आहेत, गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारीही दिसतायत. बहुतेकांचं ऑफिस एक-दोन खोल्यांचं, माणसं चार-पाच आणि कोपऱ्यात एक प्रिंटर. तो बदलायची वेळ आली की मला पहिला प्रश्न येतो, "कुठली कंपनी चांगली?" मी मशीन दुरुस्तीच्या धंद्यातला माणूस आहे आणि मला मनापासून वाटतं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. झेरॉक्सला, स्कॅनला, प्रिंटला जे कागद येतात ते केवढे, कुठल्या अवस्थेतले आणि किती, एवढंच त्यात लिहायचं. कुठलं मशीन घ्यायचं हे ती वही सांगते.

आता जुनं खरेदीखत डोळ्यांसमोर आणा. लीगल आकाराचे कागद, दोऱ्याने शिवलेले, घडीवर विरलेले, कोपऱ्यात टाचणीचा गंज. लीगल म्हणजे २१६ बाय ३५६ मिलिमीटर. दुकानात मांडलेल्या बहुतेक छोट्या ऑल-इन-वन मशीनची काच मात्र ए-फोरची, म्हणजे २९७ मिलिमीटर लांब. खरेदीखत काचेवर ठेवलं की जवळजवळ सहा सेंटिमीटर कागद बाहेर लोंबतो. तिथेच बहुतेक वेळा सह्या, साक्षीदारांची नावं आणि शिक्के असतात. मग कारकून दोनदा झेरॉक्स काढतो, वरचा भाग एकदा, खालचा एकदा, आणि अशी दोन तुकड्यांची प्रत घेऊन पक्षकार बँकेत जातो.

माहितीपत्रकात तर "लीगल" असं छापलेलं असतं, असं तुम्ही म्हणाल. छापलेलं असतं, पण ते ट्रेबद्दल किंवा वरच्या एडीएफबद्दल. एडीएफ म्हणजे कागदांचा गठ्ठा ठेवला की एकेक पान आपोआप ओढून घेणारा भाग. त्यात शिवलेला दस्त जात नाही. विरलेला कागद घातलात तर तो रोलरमध्ये फाटू शकतो, आणि अस्सल दस्त फाटला तर त्याची भरपाई कोण करणार? म्हणून दुकानात विचारताना नेमकं विचारा, "काच लीगल आहे का?" उत्तर तोंडी घेऊ नका. घरून एक लीगल कागद न्या आणि झाकण उघडून काचेवर ठेवून बघा. अशी मशीनं कमी मिळतात, किंमतही जास्त पडते, पण ज्यांचं रोजचं काम जमिनीच्या आणि घराच्या कागदांचं आहे त्यांनी या बाबतीत तडजोड करू नये.

ए-थ्रीचं, म्हणजे ए-फोरच्या दुप्पट कागदाचं काय? इमारतीचा नकाशा महिन्याकाठी एखादा येत असेल तर खालच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. तेवढ्यासाठी ए-थ्री मशीन घेऊन निम्मी खोली अडवू नका.

नवे कागद मात्र वेगळ्या दिशेला निघालेत. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई ही पद्धत लागू केली. त्यामुळे वकिलाच्या ऑफिसात आज दोन गरजा एकत्र नांदतात. आत येणारा जुना कागद लीगल आणि बाहेर जाणारा नवा कागद ए-फोर, दोन्ही बाजूंनी छापलेला. इथे "डुप्लेक्स" हा शब्द जपून वाचा. माहितीपत्रकावरच्या डुप्लेक्सचा अर्थ बहुधा एवढाच की प्रिंट दोन्ही बाजूंनी निघते. स्कॅनही दोन्ही बाजूंनी व्हायचं असेल तर एडीएफ डुप्लेक्स आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. पतसंस्थेची कर्जप्रकरणं दोन्ही बाजूंनी भरलेली असतात. साध्या एडीएफमध्ये सगळा गठ्ठा उलटून पुन्हा घालावा लागतो, मग पानं मागेपुढे होतात आणि ती जुळवण्यात कारकुनाची दुपार जाते.

एचपीचं एम-१००५ हे मशीन तुमच्यापैकी कित्येकांकडे अजून चालत असेल. दणकट मशीन, शंकाच नाही. पण त्याला एडीएफ नाही, डुप्लेक्स नाही, नेटवर्कही नाही. ते एका संगणकाला यूएसबीने जोडायचं आणि बाकीच्यांनी पेनड्राइव्ह घेऊन रांग लावायची. बदलायचं असेल तर या तीन गोष्टींसाठी बदला, मिनिटाला दोन पानं जास्त निघतात म्हणून नको.

आता खर्चाकडे येतो, कारण फसगत इथे जास्त होते. कार्ट्रिजवर "१,५०० पानं" लिहिलेलं असतं. तो आकडा ठरावीक चाचणी पानांवर मोजलेला असतो आणि त्यात पानाचा साधारण पाच टक्के भागच काळा धरलेला असतो. तुमच्या ऑफिसात खरोखर काय निघतं? आधार कार्डाची झेरॉक्स. (इथे वक्त्यांनी एक प्रत श्रोत्यांत फिरवली.) ही बघा. कार्डाची रंगीत पार्श्वभूमी राखाडी झालीय, फोटो जवळजवळ काळा आहे आणि कडेला झाकणाची सावली आलीय. त्यात फिकट मजकूर उठावा म्हणून कुणीतरी गडदपणा वाढवून ठेवलेला, आणि तो कमी करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. अशी पानं पाच टक्क्यांच्या कितीतरी पुढे जातात, म्हणून कार्ट्रिजमधली काळी भुकटी, म्हणजे टोनर, कंपनीने दिलेल्या आकड्याआधीच संपते. मशीनमध्ये "आयडी कॉपी" असेल तर ती वापरा. कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर येतात. गडदपणाही दर सोमवारी मधोमध आणून ठेवा.

एक उदाहरण मांडतो. आकडे धरून चाललेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. पहिलं मशीन १२,००० रुपयांचं, कार्ट्रिज ३,५०० चं आणि पानं १,५००. म्हणजे पानाला सुमारे २ रुपये ३३ पैसे. दुसरं मशीन २४,००० चं. त्यात टोनर आणि ड्रम, म्हणजे पानाची प्रतिमा ज्यावर उमटते तो रोलर, वेगळे. टोनर ३,००० रुपयांचा, पानं ३,०००. ड्रम ६,००० चा, पानं १२,०००. म्हणजे टोनरचा एक रुपया आणि ड्रमचे पन्नास पैसे, एकूण दीड रुपया. महिन्याला २,००० पानं निघत असतील तर दुसऱ्या मशीनवर दरमहा सुमारे १,६६७ रुपये वाचतात आणि किमतीतला १२,००० चा फरक सात-आठ महिन्यांत भरून निघतो. पण महिन्याला २०० च पानं असतील तर त्यालाच सहा वर्षं लागतील, मग पहिलंच बरं. म्हणून म्हणतो, वही ठेवा.

लेझर की इंक टँक, म्हणजे टाकीत बाटलीने शाई भरायचा इंकजेट? इंक टँकची शाई स्वस्त पडते यात वाद नाही, आणि रंगीत काम असेल तर तोच घ्या. पण दोन गोष्टी तपासा. पहिली, काळी शाई डाय आहे की पिगमेंट. (वक्त्यांनी दोन छापील कागदांवर पाण्याचा एकेक थेंब टाकला.) डावीकडची अक्षरं पसरली, ती डाय. उजवीकडची तशीच राहिली, ती पिगमेंट. जो कागद पावसाळ्यात पिशवीतून तहसील कचेरीत जाणार, तो डावीकडचा असून चालत नाही. दुसरी गोष्ट वापराची. दिवाळीत दहा-पंधरा दिवस बंद राहिलं तर इंकजेटच्या हेडमध्ये शाई सुकू शकते, मग सफाईत शाई खर्च होते आणि ती वाया गेलेली शाई शोषणारं पॅडही कधीतरी भरतं. लेझरची भुकटी सुकत नाही.

उलट लेझरला वीज जास्त लागते. टोनर कागदावर वितळवून बसवायला फ्युजर २०० अंशांच्या आसपास तापतो, आणि तापताना काही क्षण मशीन हजार वॉटच्या घरात वीज ओढू शकतं. ते संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. यूपीएस ट्रिप होतो आणि चालू संगणकही बंद पडतो. जिथे वीज रोज जाते आणि ऑफिस छोट्या इन्व्हर्टरवर चालतं, तिथे मी स्वतः इंक टँकच सुचवतो.

कोकणातून आलेल्यांना कागदाबद्दल एवढंच सांगतो, की पावसाळ्यात रीम फोडली की उरलेला कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. दमट कागद वाकतो आणि अडकतो, आणि दोष मशीनच्या माथी येतो.

मोठं मशीन भाड्याने घेणाऱ्यांनी कराराची दोन कलमं नीट वाचावीत. दरमहा किमान किती प्रतींचं बिल लागणार, आणि ए-थ्रीची एक प्रत मशीनच्या प्रती मोजणाऱ्या मीटरवर दोन धरली जाणार का. देखभालीचा करार नुसत्या मजुरीचा आहे की त्यात टोनर, ड्रम, फ्युजरही येतात, हे लेखी घ्या. मशीन बसवतील त्या दिवशी मीटरचं रीडिंग दोघांच्या सहीने कागदावर लिहून ठेवा. जुनं, दुरुस्त केलेलं मशीन घेताना तर ते रीडिंग पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि मशीन परत करताना किंवा विकताना एक गोष्ट करायचीच. मोठ्या कॉपियरमध्ये बहुधा हार्ड डिस्क असते आणि स्कॅन झालेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यात राहू शकतात. अमेरिकेत अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने भाड्याचे कॉपियर डिस्क न पुसता परत केले. त्यात रुग्णांची माहिती तशीच होती, आणि २०१३ साली त्या संस्थेला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. तुमच्या मशीनमधून लोकांची आधार, पॅन, बँक पासबुकं, कर्जाचे कागद गेलेले असतात. लोकांनी ते विश्वासाने तुमच्या हातात दिलेले असतात. डिस्क आहे की नाही हे घेतानाच विचारा. असेल तर परत देण्याआधी ती तुमच्यासमोर पुसून घ्या किंवा काढून ठेवा, आणि तसं करायची मुभा भाड्याच्या करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्या.