सोयाबीनने धुऱ्यावर ढकललेली पिकं

नमस्कार मंडळी, पेरणी तोंडावर आलीय, दुकानात बियाण्याच्या बॅगांसाठी गर्दी असणार, आणि त्यातल्या बहुतेक बॅगा सोयाबीनच्या हे वेगळं सांगायला नको.

आमच्या लातूरकडं लहानपणी चार एकरात काय नव्हतं हो, पिवळी ज्वारी, मूग, उडीद, मधे तुरीचं पाटं, कडेला अंबाडी, तीळ, चटणीला लागणारं काळं कारळं. आता धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापासून बांधापर्यंत, एकच हिरवा पट्टा. शेतकरी आळशी झाला असं शहाणी माणसं म्हणतात, मला नाही पटत. सोयाबीन शंभर-एक दिवसात निघतं, मळणी मशीनवर होते, लगेच हरभरा पेरता येतो, आणि आडतीवर दोन पोती न्या नाहीतर वीस, घेणारा उभाच असतो, कारण तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला लागते. म्हणजे शहरात चिकन वाढलं तसं आमच्या रानातून कारळं गेलं, गंमतच आहे ना!

आता दहा किलो कारळं घेऊन आडतीवर जाऊन बघा, कोणी काट्याजवळसुद्धा उभं करत नाही. आठवडी बाजारात मात्र तेच पायलीनं, शेरानं खपायचं. माझ्या मते खरी मेख इथंच आहे, थोडं थोडं विकायची जागा गेली की थोडं थोडं पेरायचंही जातं.

बरं, एकाच पिकावर बसलं की भावाचा झटकाही पूर्ण बसतो. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला 10,000 च्या आसपास गेलं होतं, आणि 2024 ला हमीभाव 4,892 असताना बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं.

हां, आता डाएटवाल्यांमुळं ज्वारीला पुन्हा विचारणा आहे, पण ती पांढऱ्याशुभ्र भाकरीची, म्हणजे रब्बीतल्या मालदांडीची. पिवळीला कोण विचारतंय, आणि खरिपाची ज्वारी गेली तसा कडबाही गेला, मग जनावरं कशावर ठेवायची.

आमच्या आईनं यंदा एक तास, म्हणजे एक ओळ तरी पिवळीची पेरा म्हणून हट्ट धरला. गावात चार घरं फिरलो, पसाभर बी मिळालं नाही. शेवटी तिच्या माहेराहून आलं, राखेत घोळून डब्यात ठेवलेलं.