बाटली क्रमांक ५३ एन

(दृश्य: परळ, हाफकिन इन्स्टिट्यूटची जुनी इमारत)

परळची ही वास्तू एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरचं निवासस्थान होती. १८९९ मध्ये इथे प्लेगची प्रयोगशाळा आली. प्रमुख होते वाल्डेमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, उमेदवारी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. पण प्लेगची लस त्यांनी घडवली ती इथे, मुंबईत. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकही वाचला नाही. त्या सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. क्रमांक ५३ एन, भरलेली परळमध्ये.

लस टिकावी म्हणून पूर्वी तिच्यात कार्बोलिक ॲसिड घालत. हाफकिन यांनी ते सोडून उष्णतेनं निर्जंतुक करण्यावर भर दिला होता. चौकशी आयोगानं नेमकं त्यावर बोट ठेवलं आणि दोष परळवर आला. हाफकिन यांना पद सोडावं लागलं.

पण कागदपत्रं शिल्लक होती, आणि माझ्या मते या कथेतलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. मुल्कोवालमध्ये बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्यानं बूच काढलं. शिवाय बूच निघालं तेव्हा लसीला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू परळपासूनच आत वाढत असते, तर वास आल्याशिवाय राहिला नसता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हा पुरावा तपासला, १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिलं. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. त्या १९ घरांना मात्र यातलं काहीच भरून मिळालं नाही.

(दृश्य: भायखळा, जे. जे. रुग्णालयाचं प्रवेशद्वार)

१९८६. याच शहरात, जे. जे. रुग्णालयात, औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीननं १४ रुग्णांचा जीव घेतला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. चवीला गोड, रंग नाही, आणि मूत्रपिंडं निकामी करणारं. हे विष जगाला नवं नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत त्यानं शंभराहून अधिक बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा कायदा बदलला. म्हणजे धडा जवळपास पन्नास वर्षं छापील स्वरूपात पडून होता. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी उलगडली, आणि ती वाचताना आजही राग येतो.

२०२२ मध्ये गांबियात लहान मुलं दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात बनलेल्या सिरपबद्दल इशारा दिला. विष पुन्हा तेच. त्यानंतर १ जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपला सरकारमान्य प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. मुंबईची केंद्रीय औषध चाचणी प्रयोगशाळा त्या यादीत आहे.

(दृश्य: औषधांच्या दुकानातली फळी, सिरपच्या बाटल्या)

२०२५ मध्ये मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, कफ सिरप पिऊन मुलं गेली. त्यातही डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. ती बाटली देशातच विकायची होती. निर्यातीचा तो नियम तिला लागूच नव्हता.